फिरत्या रंगमंचावर चालताना झोक बाजूला का जातो?

एकांकिकेच्या तालमीतून एका मुलीचा प्रश्न आला आहे. तो थोडक्यात असा: "काका, आमच्याकडे सोळा फुटी फिरता मंच आहे. वरून पाहिलं तर तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, एका फेरीला वीस सेकंद लागतात. आमचा नायक एका कडेच्या खिडकीपासून मधोमधून समोरच्या दारापर्यंत चालत जातो आणि दर वेळी उजवीकडे झुकतो, अगदी मंचाच्या मध्यावरसुद्धा. दिग्दर्शक म्हणतात हे अपकेंद्री बल. पण ते बाहेरच्या बाजूला लागायला हवं ना? आणि मध्यावर तर ते शून्य असतं असं आम्ही अकरावीत शिकलो. दुसरं म्हणजे, कडेकडेने गोल चालताना एका दिशेने त्याला काहीच त्रास होत नाही आणि दुसऱ्या दिशेने तो धडपडतो. त्याचं चालणं चुकतंय की आमचा मंच वाकडा आहे?"

चालणं चुकत नाही आणि मंचही वाकडा नाही. तुझं निरीक्षण अगदी नेमकं आहे. "मध्यावरसुद्धा" हा एक शब्द लिहिलास, त्यातच निम्मं उत्तर आहे. मी गेली तीस वर्षं नेपथ्याची हलती यंत्रणा उभी करतो: सरकते मंच, फिरते मंच, वर-खाली होणाऱ्या लेव्हल्स. हा प्रश्न नटांच्या तोंडून फार वेळा ऐकला आहे, पण इतक्या स्वच्छ शब्दांत क्वचितच. म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या दिग्दर्शकांनी सांगितलेलं बल मंचावर आहेच, पण तुमच्या नायकाला झुकवणारं बल ते नव्हे. ते दुसरंच आहे. माणूस चालायला लागला की ते लागतं, थांबला की नाहीसं होतं, आणि तो मध्यावर आहे की कडेवर याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. त्याला कोरिऑलिस बल म्हणतात. सावकाश फिरणाऱ्या मंचावर हे बल अपकेंद्री बलापेक्षा कितीतरी मोठं असतं, आणि रंगमंचावरची माणसं बहुतेक वेळा नेमकी याच बाबतीत फसतात.

फसण्याचं कारण आपला रोजचा अनुभव. किंग्ज सर्कलच्या बागेला वळसा घालणाऱ्या बेस्टच्या बसमध्ये उभे असलेले सगळे एकदम डावीकडे, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूला झुकतात. हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. पण बसमध्ये आपण दांडा धरून एका जागी उभे असतो. वळणावर बसमधून चालत सुटणारा कंडक्टरसुद्धा खांदा कुठेतरी टेकवूनच चालतो. त्यामुळे वळण म्हणजे बाहेर ढकललं जाणं, एवढा एकच धडा शरीर शिकतं. फिरत्या मंचावर माणूस दांडा न धरता, हातात चहाचा ट्रे घेऊन, संवाद म्हणत चालतो. तिथे तो धडा अपुरा पडतो.

आता आकडे बघू. नटाचं वजन ६० किलो धरू, चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर, म्हणजे सहज चाल. मंच २० सेकंदांत एक फेरी घेतो, म्हणजे सेकंदाला १८ अंश फिरतो. नट मध्यापासून २ मीटरवर नुसता उभा असेल तर त्याला बाहेर ओढणारं अपकेंद्री बल साधारण १२ न्यूटन भरतं. न्यूटन डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून किलोत सांगतो: कमरेला दोरी बांधून सव्वा किलोचं वजन आडवं ओढावं तेवढं. उभ्या माणसाला हे जेमतेम जाणवतं. मंचावर टांगलेला कंदील या ओढीने एखादाच अंश कलतो, प्रेक्षकाला ते दिसतही नाही.

तोच नट चालायला लागला की कोरिऑलिस बल येतं ४५ न्यूटनचं, म्हणजे साडेचार किलोंहून थोडं जास्त. अपकेंद्री बलाच्या जवळजवळ चौपट. आणि ते बाहेरच्या बाजूला नाही, तर चालण्याच्या दिशेला काटकोनात लागतं. तुमचा मंच घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून ते नटाच्या उजव्या हाताला लागणार, मग तो मध्याकडून कडेला जावो, कडेकडून मध्याला येवो किंवा गोल चालो. मंच घड्याळाच्या दिशेने फिरवलात तर ते नेहमी डाव्या हाताला लागेल. एवढा एक नियम तालमीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दोन्ही बलांतलं मोठं कोणतं हे ओळखायला सोपी कसोटी आहे. नट उभा आहे त्या जागी मंचाच्या लाकडाचा वेग किती आहे ते बघा आणि नटाच्या चालण्याच्या वेगाची दुप्पट करून त्याच्याशी ताडा. दुप्पट केलेला आकडा मोठा असेल तर बाजूचा झोक जिंकणार. तुमच्या मंचावर २ मीटरवर लाकडाचा वेग सेकंदाला ०.६३ मीटर आहे आणि चालण्याची दुप्पट २.४. बसला हीच कसोटी लावा. बस वळणावर सेकंदाला ५ मीटर वेगाने जात असेल आणि आत कुणी सेकंदाला १ मीटर वेगाने चालत असेल, तर २ विरुद्ध ५. तिथे बाहेरची ओढ जिंकते. म्हणूनच बसमध्ये घेतलेला अनुभव मंचावर उपयोगी पडत नाही.

हे बल येतं कुठून? इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण सूत्र पाठ असलेल्या मुलांनाही हे उमगलेलं नसतं. सूत्रात एक २ आहे: दोन गुणिले मंचाची फिरण्याची गती गुणिले चालण्याचा वेग. तो २ का, असं विचारलं की बरेच जण गप्प होतात.

नट मध्यापासून १ मीटरवर आहे असं समज. त्याच्या पायाखालचं लाकूड सेकंदाला ०.३१ मीटर वेगाने आडवं चाललंय. तो २ मीटरवर पोचला की तिथलं लाकूड ०.६३ मीटरने चाललंय. म्हणजे बाहेर जाताना प्रत्येक पावलाला त्याच्या पायाखाली आधीपेक्षा वेगवान जमीन येते. शरीराने तो वाढीव वेग अजून घेतलेला नसतो, म्हणून ते मागे पडतं, आणि पायांचं घर्षण त्याला ओढून पुढे आणतं. हा झाला पहिला अर्धा भाग. दुसरा असा: नट मंचावर आखलेल्या सरळ रेषेवरून चालतोय, पण ती रेषाच दर सेकंदाला १८ अंश वळतेय. म्हणजे सभागृहातून पाहिलं तर त्याच्या चालण्याची दिशा सतत वळवली जातेय, आणि दिशा वळवायलाही बल लागतं. हिशोब केला तर दोन्ही भाग तंतोतंत सारखे भरतात. म्हणून तो २.

आता तुझ्या "मध्यावरसुद्धा"कडे येतो. दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी आडवं जायची वेळ आली असेल तर आठव. अर्ध्या पुलावर गर्दी पूर्वेकडे वाहत असते, उरलेल्या अर्ध्यावर पश्चिमेकडे. मध्याच्या रेषेवर गर्दीचा वेग शून्य असतो, पण ती रेषा ओलांडताना आपण स्वस्थ नसतो. क्षणापूर्वी इकडे ढकललं जात होतं, क्षणानंतर तिकडे, आणि शरीराला तेवढ्यात पलटायचं असतं. फिरत्या मंचाचा मध्य असाच आहे. मध्याच्या अलीकडे लाकूड एका बाजूला सरकतंय, पलीकडे विरुद्ध बाजूला. मध्यावर लाकडाचा वेग शून्य असला तरी नटाचा आडवा वेग तिथेही बदलतच असतो, आणि ज्या दराने कडेजवळ बदलत होता त्याच दराने. म्हणून अपकेंद्री बल मध्यावर नाहीसं होतं, पण बाजूचा झोक रतीभरही कमी होत नाही. तुमच्या नायकाला मध्यावर जे जाणवतं ते निव्वळ कोरिऑलिस बल आहे, दुसरं काहीही त्यात मिसळलेलं नाही.

हे मी सुरुवातीच्या काळात ओळखलं नव्हतं आणि त्याची शिक्षा दुसऱ्याने भोगली. एका तालमीत एक नट हातात पितळी तबक घेऊन मध्यातून कडेकडे येत होता. मी त्याला सांगितलं, "मंच तुला बाहेर फेकतोय, तू अंग आत, मध्याकडे कलतं ठेव." त्याने माझं ऐकलं. अंग मागे कललेलं आणि जोर आला बाजूने, त्यामुळे त्याला सावरायला पायच नव्हता. तो उजव्या गुडघ्यावर पडला आणि प्रयोगाच्या आठवडाभर आधी गुडघा सुजला. माझी सूचनाच चुकीची होती. त्या रात्री मी मंच पुन्हा चालू करवला, काळ्या प्लायवर खडूच्या भुकटीत घोळवलेला रबरी चेंडू मध्यापासून कडेकडे सोडला आणि त्याची पांढरी रेघ उजवीकडे वळत गेलेली पाहिली. तेव्हापासून कुठल्याही नटाला सूचना देण्याआधी मी स्वतः मंचावर चालून बघतो.

तुम्हाला चेंडूसुद्धा लागणार नाही. घरी केक सजवायचा फिरता स्टँड असेल तर त्यावर कागद चिकटवा, एकाने तो हळू फिरवावा आणि दुसऱ्याने वर पट्टी स्थिर धरून तिच्या कडेने पेन मध्यापासून बाहेर सरळ ओढावं. हात सरळ गेलेला असतो आणि कागदावर वाकडी रेघ उमटते. पाच मिनिटांचं काम आहे. नटांना सूत्रापेक्षा हे लवकर पटतं.

आता तुझा दुसरा प्रश्न, गोल चालण्याचा. मला हा भाग सगळ्यांत सुंदर वाटतो.

मध्यापासून २ मीटरच्या वर्तुळावर माणूस सहज चालीने चालला तर जमीन स्थिर असली तरी त्याला वळत राहण्यासाठी ४.४ किलोएवढं बल मध्याकडे लागतं. ते पायाचं घर्षण देतं. मंच फिरत असल्यामुळे अपकेंद्री बलाचे १.२ किलो त्यात वाढतात. आणि कोरिऑलिसचे ४.६ किलो? ते दिशेवर ठरतं. मंचाच्या दिशेनेच चाललात तर उजवा हात बाहेरच्या बाजूला येतो, म्हणजे कोरिऑलिस बल बाहेर ढकलणार. बेरीज १०.२ किलो. उलट दिशेने चाललात तर उजवा हात मध्याकडे, म्हणजे तेच बल आत ढकलून मदत करणार. ४.४ अधिक १.२ वजा ४.६, उरला १ किलो.

तोच नट, तीच चाल, तेच वर्तुळ, आणि जोरात दहा पटींचा फरक. मंचाबरोबर चालताना त्याला जवळजवळ दहा अंश आत झुकावं लागतं, विरुद्ध चालताना एक अंश. तो एका दिशेला धडपडतो आणि दुसरीकडे मजेत जातो, त्याचं कारण हे आहे. त्याच्या पावलांत काही खोट नाही हे त्याला आजच सांग, कारण असल्या गोष्टी नट मनाला लावून घेतात.

सभागृहात बसलेल्या प्रेक्षकाच्या जागेवरून पाहिलंस तर हाच हिशोब एका ओळीत सुटतो. मंचाबरोबर चालणाऱ्या नटाचा खरा वेग म्हणजे त्याची चाल अधिक लाकडाचा वेग: १.८३. विरुद्ध चालणाऱ्याचा खरा वेग ०.५७. वर्तुळात फिरायला लागणारं अभिकेंद्री बल वेगाच्या वर्गावर ठरतं. दोन्ही वेगांचा वर्ग करून बघ, तीच दहाची पट मिळेल. प्रेक्षकाला ना अपकेंद्री बल लागतं ना कोरिऑलिस. त्याच्या दृष्टीने मंचावर आडवं बल एकच आहे, तळपायांचं घर्षण.

मग ही बलं खरी की खोटी? पाठ्यपुस्तकं त्यांना आभासी बलं किंवा छद्म बलं म्हणतात. त्या शब्दांवर माझा थोडा राग आहे. पडलेल्या नटाचा गुडघा काही आभासी नसतो. शब्दाचा अर्थ इतकाच की या बलांना देणारं कुणी नाही. दोरी ओढते, जमीन ढकलते, पृथ्वी खेचते, पण अपकेंद्री आणि कोरिऑलिस बलांमागे असं कोणी दाखवता येत नाही. शरीर आपल्या सरळ मार्गाने जाऊ पाहतं आणि आपण मोजमापासाठी धरलेली जमीन मात्र वळत राहते, त्या तफावतीचा हा जमाखर्च आहे. फिरत्या जमिनीवर उभं राहून हिशोब करायचा असेल तर ही दोन नावं खात्यात मांडावीच लागतात, नाहीतर ताळेबंद जुळत नाही. खूणही चांगली आहे: ही बलं वस्तुमानाच्या प्रमाणात असतात, म्हणून त्याच चालीने चालणारे ४५ किलोची मुलगी आणि ९० किलोचा गडी, दोघांनाही सारख्याच अंशांनी झुकावं लागतं.

ज्या फ्रेंच माणसाचं नाव या बलाला आहे, तो गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस. त्याने हे गणित १८३५ मध्ये मांडलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर यंत्रं होती: फिरती पाणचक्की आणि तिच्यातून वाहणारं पाणी. वारे आणि वादळं यांच्याशी त्याचं नाव नंतर जोडलं गेलं. मला हे फार आवडतं, कारण आपला फिरता मंच त्या पाणचक्कीच्याच घराण्यातला आहे. फिरता मंच मात्र कोरिऑलिसच्या गणिताहून जुना. जपानमध्ये ओसाकाच्या काबुकी रंगभूमीवर नामिकी शोझो याने तो १७५८ मध्ये आणला. युरोपात म्युनिकच्या कार्ल लाउटेनश्लेगरने १८९६ मध्ये विजेवर फिरणारा मंच बसवला. आपल्याकडे १९६२ मध्ये आलेल्या 'तो मी नव्हेच' या नाटकामुळे फिरता रंगमंच घरोघरी माहीत झाला. पण तिथे मंच मुख्यतः देखावा बदलायला फिरतो, नट त्या वेळी फारसा चालत नाही. तुम्ही मंच फिरत असताना नटाला चालवताय. हे धाडस मला आवडलं, पण ते अंगाला सराव देऊन करायला हवं.

आणखी एक बल सांगायचं राहिलं. त्याचा त्रास क्षणभरच होतो, पण पाडतं जास्त वेळा तेच. मंचाचा वेग बदलताना, म्हणजे सुरू होताना आणि थांबताना, ते लागतं. मंच दोन सेकंदांत हळूहळू सुरू केला तर २ मीटरवरच्या नटाला मागे दोन किलोंच्या आसपास ओढ बसते. तोच मंच अर्ध्या सेकंदात गचकन थांबवला तर चौपट, म्हणजे जवळजवळ आठ किलो, आणि तीही बहुधा ब्लॅकआउटमध्ये, जेव्हा डोळ्यांना सावरायला काहीच दिसत नसतं. मंच हातांनी ढकलत असाल तर ढकलणाऱ्या मुलांना पहिली आणि शेवटची दोन पावलं मोजून टाकायला शिकवा. मोटर असेल तर सावकाश चढता-उतरता वेग देणारा ड्राइव्ह बसवा, त्यावर पैसे वाचवू नका.

हातांनी ढकलत असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात येईल. नट बाहेरच्या बाजूला चालत गेले की मंच एकदम जड होतो. मुलं म्हणतात, चाकं धरली, तेल घाला. चाकांचा काही दोष नसतो. मंच नटाला बाजूने ढकलून वेग देतो, म्हणजे नटही मंचाला तेवढंच उलट ढकलतो. चार नट एकाच वेळी मध्याकडून कडेकडे निघाले, तर ते २ मीटरवर पोचेपर्यंत मंचाच्या कडेला ढकलणाऱ्यांवर पंधरा किलोंचा वाढीव भार पडतो. ते चौघं परत मध्याकडे निघाले की मंच पुढे पळायला बघतो. ढकलणाऱ्या मुलांना नटांच्या हालचाली ठाऊक असल्या पाहिजेत. त्यांना तालमीला बोलवा, प्रयोगाच्या दिवशी आयत्या वेळी नाही.

आता तुमच्या प्रवेशाचं काय करायचं ते सांगतो.

खिडकीपासून दारापर्यंत सरळ जायचं असेल तर दोन वाटा आहेत. पहिली, नटाने मंचावरच्या रेषेवरून चालावं आणि निघण्याआधीच अंग किंचित डावीकडे कलतं करावं, चार-पाच अंश. पावलं नेहमीपेक्षा थोडी फाकलेली आणि आखूड. झोक आल्यावर सावरायचं ठरवलं तर उशीर होतो, आधी कललेलं अंग मात्र दोन-तीन दिवसांच्या सरावाने आपोआप येतं. दुसरी वाट अशी की त्याने सेट विसरावा आणि सभागृहातल्या एखाद्या स्थिर खुणेकडे, समज दारावरच्या एक्झिटच्या दिव्याकडे, एकसारख्या चालीने सरळ जावं. तो प्रेक्षकांच्या दृष्टीने सरळ गेला की त्याला बाजूचं बल लागतच नाही. फक्त पाय टेकला की मंच त्या पावलाला बाजूला नेतो, ते पावलापावलाने भरून काढायचं. पण मग तो तुमच्या दारापाशी पोचणार नाही. चार मीटर चालायला सव्वातीन सेकंद लागतात, तेवढ्यात दार ६० अंश सरकलेलं असतं. म्हणून दार कुठे येणार हे आधी मोजून त्याची सुरुवातीची जागा ठरवा. तुमच्या संहितेत तो घर सोडून निघालाय असं लिहिलं असेल तर मी दुसरी वाट घेईन. घर वळत राहतं आणि माणूस सरळ जातो, हे चित्र प्रेक्षकाला काही न सांगता कळतं.

गोल चालायचा प्रवेश मंचाच्या विरुद्ध दिशेने बसवा. नट ताठ दिसतो. मंचाबरोबर चालवलात तर दहा अंश कललेला नट पाचव्या रांगेतून दारू प्यायल्यासारखा दिसतो. आणि एक गंमत करून बघा: मंचाचा वेग वाढवून फेरी १० सेकंदांवर आणा. मग २ मीटरवर लाकडाचा वेग आणि नटाची चाल जवळजवळ सारखीच होते. तो विरुद्ध चालला तर प्रेक्षकांना एका जागीच चालताना दिसतो, मागून सगळं घर सरकत जातं, आणि त्याच्या अंगावर आडवं बल शून्याच्या जवळ असतं. मात्र त्या वेगाला चुकूनही मंचाबरोबर चालू देऊ नका, कारण तिथे बेरीज साडेअठरा किलोंवर जाते, वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ. जागच्या जागी चालताना टेकलेलं पाऊल मंचाबरोबर फिरतं आणि घोटा पिळला जातो, १० सेकंदांच्या फेरीला अर्ध्या सेकंदात १८ अंश. म्हणून रबरी तळाचे घट्ट पकडणारे बूट नकोत.

पण तळ गुळगुळीतही नको. २० सेकंदांच्या फेरीला मंचाबरोबर चालणाऱ्याच्या पायाला वजनाच्या सहाव्या हिश्श्याएवढं घर्षण लागतं. कोरड्या प्लायवर ते सहज मिळतं. त्याच प्लायवर मेकअपची पावडर सांडली, धुराच्या यंत्राचा थर बसला किंवा आधीच्या प्रवेशातल्या फुलांच्या पाकळ्या राहिल्या, तर त्याची खात्री नाही. प्रयोगाआधी मंच ओल्या फडक्याने पुसून कोरडा करणं हे काम कुणाच्या तरी नावावर लिहा. कडेला रेडियमची पट्टी लावा. आणि बाहेरच्या स्थिर जमिनीवरून फिरत्या मंचावर चढताना सरकत्या जिन्यावर टाकतो तसा पाय मंचाच्या दिशेने टाका. कडेला लाकूड सेकंदाला पाऊण मीटर वेगाने जात असतं.

डोकं फिरल्याची तक्रार येईल, तीही खरी असते. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांतला द्रव फिरणं ओळखतो. मंच फिरत असताना नटाने खाली वाकून काही उचललं किंवा मान खांद्याकडे तिरकी केली, की नळ्यांची फिरण्याच्या अक्षाशी असलेली जुळणी बदलते आणि मेंदूला आपण तिसऱ्याच दिशेला कलंडतोय असं वाटतं. मिनिटाला तीन फेऱ्यांच्या तुमच्या मंचावर काहींना हे नक्की जाणवेल. मंच फिरताना वाकणं, मान तिरकी करणं टाळा, वळायचंच असेल तर अख्ख्या अंगाने वळा. मंच थांबल्यावर लगेच धावायची हालचाल ठेवू नका, दोन वाक्यं उभ्याने जाऊ द्या. सरावाने हा त्रास बराच कमी होतो, म्हणून पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग दहा, असं वाढवत न्या.

शेवटी, तुमच्यापैकी कुणीतरी विचारेलच म्हणून: पृथ्वीही फिरते, मग साध्या रंगमंचावर चालताना झोक का जात नाही? मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे आणि पृथ्वीबरोबर तासाला सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने फिरतेय. पण कोरिऑलिस बलाला तो वेग चालत नाही, त्याला फिरण्याची गती लागते, आणि ती दिवसाला एक फेरी एवढीच आहे. तुमच्या ६० किलोच्या नटाला साध्या रंगमंचावर चालताना पृथ्वी उजवीकडे ढकलते ती अर्ध्या ग्रॅमच्या वजनापेक्षाही कमी जोराने. त्याची भरपाई शरीर नकळत करतं. बेसिनमधलं पाणी त्यामुळे फिरतं ही समजूतही सोडून द्या, तिथे भांड्याचा आकार आणि पाण्याची आधीची हालचालच ठरवते. पण दिवसेंदिवस समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याची गोष्ट वेगळी. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून निघालेला वारा ते ओलांडून अरबी समुद्रावर येतो आणि उजवीकडे वळत वळत नैर्ऋत्येकडून कोकण किनाऱ्यावर पोचतो. जूनमध्ये तालमीच्या हॉलच्या पत्र्यावर जो पाऊस वाजतो, तो घेऊन येणारा वारा तुमच्या नायकासारखाच उजवीकडे झुकत आलेला असतो.

आता पुढच्या तालमीत आधी रिकाम्या मंचावर स्वतः चालून बघ, मध्यातून कडेकडे, एकदा डोळे रेषेवर ठेवून आणि एकदा समोरच्या दिव्यावर. मग नायकाला चढव. मंच कडेला किती सेकंदांत किती सरकतो ते घड्याळ लावून मोज आणि मला कळव. २० सेकंद हा तुमचा अंदाज असेल आणि प्रत्यक्षात १५ निघाले, तर वरचे मंचामुळे येणारे सगळे आकडे वाढतील: चालण्यामुळे येणारा बाजूचा झोक सहा किलोंच्या वर जाईल, आणि कललेल्या अंगाचा सराव त्या हिशोबाने करावा लागेल.